पंडितजींचा शिपाई

दिवाळीला कोल्हापूरला जायचे म्हटले की आमच्या घरी पहिला वाद होतो तो सामानावरून. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की फराळाचा डबा बरोबर न्यायलाच हवा. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये. माझे म्हणणे असे की शिवाजी पेठेत फराळ घेऊन जाणे म्हणजे रंकाळ्यावर पाण्याची घागर घेऊन जाणे. शेवटी डबा नेतोच, मामी तो उघडून एक चकली चाखतात, "मुंबईची चकली लई शिकलेली असती बघा, तिखट बोलतच न्हाई," असे म्हणून डबा फळीवर ठेवून देतात, आणि आम्ही परतताना त्याच डब्यातून त्यांची चकली मुंबईला येते.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला उतरलो. रिक्षा बिंदू चौक, मग महाद्वाराची गर्दी चुकवत शिवाजी पेठेत शिरली, तेव्हा पेठ नुकती अंघोळ करून बसल्यासारखी दिसत होती. शेणाने सारवलेली अंगणे आता उरली नाहीत. त्यांच्या जागी फरशा आल्या आहेत. पण फरशीवरही रांगोळी आहे, दारात आकाशकंदील आहे, आणि तालमीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलेली मंडळी आहेतच. या पेठेला तालमींची आणि फुटबॉलची भारी हौस. उभा मारुती चौक, अर्धा शिवाजी पुतळा, निवृत्ती चौक, फिरंगाई, वरुणतीर्थ वेशीचे गांधी मैदान ही नावे इथल्या माणसाला पाढ्यांसारखी पाठ असतात. पत्ता विचारला तर गल्लीचा क्रमांक कुणी सांगत नाही. "तालमीपासनं चौथं घर" असे सांगतात, आणि कुठली तालीम हे तुम्हांला ठाऊक असणारच असे गृहीत धरतात.

"आलासा व्हय? या की!" मामी दारातच उभ्या. "बसा, मी च्या ठेवतो." कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी ठेवतो, मी जातो" म्हणतात, याची आमच्या चिरंजिवांना मोठी गंमत वाटते. तो दर वेळी मामींच्या तोंडून ते वाक्य ऐकण्यासाठी दोनदोनदा चहा मागतो.

आमचे दादामामा मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वयाची पंचाहत्तरी ओलांडली, पण पाठ अजून सरळ. पहाटे उठून ते अजून दाढी करतात आणि मगच चहाला शिवतात. लहानपणी मला वाटे, मामा म्हणजे रायफल, संगीन आणि "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही भाचरे त्यांच्या मागे लागत असू. ते मात्र बेळगावच्या मैदानातल्या कवायतीच्या, तिथल्या थंडीच्या, नाहीतर लंगरमधल्या डाळीच्या गोष्टी सांगत. लढाईची गोष्ट कधीच नाही.

त्या संध्याकाळी मामींनी पणत्या लावल्या. ओट्यावर रांग, तुळशीपाशी एक, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. सगळे झाल्यावर मामा आतून आले. त्यांच्या हातात कणकेचे दोन दिवे होते. ते त्यांनी ओट्याच्या कडेला, वाती दक्षिणेकडे करून ठेवले आणि क्षणभर हात जोडले.

आमच्या सौभाग्यवती शास्त्राच्या बाबतीत कडक. "मामा, यमदीपदान ना? मग दिवा एकच लावतात."

"व्हय, एकच लावत्यात," मामा म्हणाले. "आमच्याकडं दोन असत्यात." आणि आत निघून गेले.

मामींनी माझ्याकडे पाहिले आणि डोळ्यांनीच सांगितले, पुढे विचारू नका.

दुसऱ्या दिवशी अंगणात किल्ला बांधायचा कार्यक्रम होता. मामांचा नातू आणि आमचे चिरंजीव या दोघांनी मिळून पन्हाळा उभारला. माती रंकाळ्याकडची, हळीव पेरून केलेली हिरवळ आधीच उगवलेली, आणि टोपलीभर मातीची चित्रे. सिंहासनावर महाराज बसले, बुरुजावर तोफा चढल्या, दरवाजाशी पहारेकरी आले, पायथ्याशी गवळण आणि विहीर. मामा खुर्ची टाकून पाहत होते. चिरंजिवांनी विचारले, "आजोबा, आणखी कोण राहिलं?"

मामा म्हणाले, "पंडितजी राहिलं."

"लढाईत पंडितजी कशाला?"

मामा हसले. पण त्या हसण्यात काहीतरी अडकले आहे असे मला वाटले. संध्याकाळी ते फिरायला निघाले तेव्हा मीही चपला घातल्या.

पेठेतून रंकाळ्याकडे जाणारा रस्ता दिवाळीत चालण्यासारखा असतो. ओट्याओट्यावर पणत्या, पोरांचे फटाके, कुठे तळणाचा वास, आणि ओळखीचा माणूस दिसला की "काय मामा, पाव्हणं आल्यात व्हय?" हा प्रश्न. तलावाच्या काठावर पोचलो तेव्हा पाण्यावर संध्याकाळचा शेवटचा उजेड होता आणि संध्यामठाचे दगडी काम पाण्यात काळे दिसत होते. मामा कठड्यावर बसले आणि काही न विचारताच बोलू लागले.

ते १९६७ साली भरती झाले. तालमीत घुमलेले शरीर, त्यात गळा गोड आणि ढोलकीला हात. पलटणीच्या मंदिरात संध्याकाळच्या आरतीला ढोलकी वाजवायला कुणी नव्हते, म्हणून एके दिवशी सुभेदारसाहेबांनी त्यांना उभे केले. तिथून पंडितजींनी त्यांना सोडलेच नाही. पंडितजी बनारसकडचे. मामांना हिंदी येईना, पंडितजींना मराठी येईना. तरी महिन्याभरात पंडितजी "सुखकर्ता" म्हणू लागले आणि मामा हनुमान चालिसा.

आपल्या लष्करात धर्मगुरू असतात हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू असे सगळे असतात. ज्या धर्माचे जवान पुरेसे, त्या धर्माचा गुरू. ते नायब सुभेदार या हुद्द्यावर भरती होतात आणि पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांचे शिक्षण होते. तिथे पंडिताला कुराणाची आणि मौलवीला गीतेची तोंडओळख करून घ्यावी लागते, कारण पलटणीत जो जवान रडत येईल तो कोणत्या धर्माचा हे विचारून त्याला परत पाठवता येत नाही. त्यांची कामे नुसती पूजाअर्चेची नसतात. रंगरुटांची शपथ, इस्पितळातल्या आजाऱ्यांच्या उशाशी बसणे, शिक्षा भोगणाऱ्या शिपायाला कोठडीत जाऊन भेटणे, जवानांच्या मुलांना चार चांगल्या गोष्टी सांगणे, आणि मेलेल्याचे अंत्यसंस्कार.

अमेरिकेच्या फौजेत या धर्मगुरूंच्या मदतनिसाची जागा १९०९ सालापासून स्वतंत्रपणे आहे. तिथे पाद्री हातात शस्त्र धरत नाही. त्याच्या जिवाची राखण करणे हे मदतनिसाचे काम, आणि त्याच्याजवळ बंदूक असते. १९४९ च्या जिनिव्हा कराराने धर्मगुरूला संरक्षण दिले आहे. तो शत्रूच्या हाती सापडला तरी युद्धकैदी मानला जात नाही. कैद्यांना त्याची गरज असेल तेवढ्यापुरताच त्याला ठेवून घेता येते. मदतनीस मात्र साधा शिपाई. तो पकडला गेला तर कैदी, आणि गोळीला तर कुणाचाच करार ठाऊक नसतो. आपल्याकडे या कामासाठी वेगळी भरती होत नाही. पलटणीतलाच एखादा जवान मंदिराच्या कामाला लावतात. आमचे मामा ते होते.

"शांततेच्या दिवसांत लई सोपं काम," मामा म्हणाले. "मंदिर झाडायचं, समया घासायच्या, फुलं आणायची. दसऱ्याला शस्त्रांची पूजा मांडायची. कसम परेडच्या दिवशी गीता ठेवायचं मेज स्वच्छ पुसायचं. पोरं म्हणायची, तुझी मजा हाय लेका. आणि खरंच मजा हुती. एकाहत्तर सालापतूर."

१९७१ च्या डिसेंबरात त्यांची पलटण पूर्वेकडच्या आघाडीवर होती. पंडितजींचे ठिकाण जखमींच्या तंबूपाशी. मंदिर म्हणजे एक लोखंडी पेटी, तिच्यात गणपती, शिवछत्रपतींची तसबीर, गीतेचे पुस्तक, गंगाजलाची बाटली आणि कापूर. ती पेटी मामांच्या पाठीवर, आणि रायफल हातात. दिवसा स्ट्रेचर उचलायचे, जखमींना पाणी पाजायचे. रात्री पुढे जाऊन मेलेली माणसे आणायची.

"मेलेल्याला आणायला गेलेला माणूस जिवंत असतो, हे शत्रूला दिसतंच की," मामा म्हणाले. "शेतात सुरुंग पेरल्यालं. पंडितजी म्हणायचं, मैं आगे चलूँगा. मी म्हणायचो, तुम्ही गेलासा तर मंत्र कोण म्हणणार? आणि त्यांच्या पुढं चालायचो. पाय टाकताना आमच्या फिरंगाईचं नाव घ्यायचो."

चिता रात्री पेटवता येत नसे. उजेड दिसला की तोफांना नेम सापडे. दिवसा धूर दिसे. म्हणून पहाटेचे धुके साधायचे. लाकडे मिळत नसत तेव्हा बांबू, तागाच्या काड्या, पडलेल्या झोपड्यांचे वासे. शत्रूचे मेलेले जवान सापडत, त्यांनाही उघड्यावर टाकायचे नाही हा पंडितजींचा दंडक. त्यांच्यासाठी खड्डे खणायचे, तोंड पश्चिमेकडे करायचे, आणि गावातला एखादा म्हातारा मौलवी सापडला तर त्याला बोलावून आणायचे.

ऐकता ऐकता मला एक गोष्ट आठवली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी शिपायांना इंग्लंडात ब्रायटनच्या इस्पितळात ठेवले होते. तिथे मेलेल्या हिंदू आणि शीख शिपायांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर, आपापल्या रीतीने करण्यात आले. मुसलमानांचे दफन वोकिंगला. टेकडीवरल्या त्या ५३ जणांसाठी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाने तिचे अनावरण केले. हाच युवराज त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला पुण्यात आला, आणि आपल्या शाहू महाराजांच्या खटपटीने उभ्या राहणाऱ्या शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसली. त्याच युद्धात कुतच्या वेढ्यात, १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत, मराठा पलटणीही अडकल्या होत्या. धान्य संपले, घोडे कापायची वेळ आली, तरी हिंदी शिपाई कितीतरी दिवस त्या मांसाला शिवेनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवावी लागली. पोटात आग असतानाही माणूस विचारतो, हे चालेल ना? कुणीतरी उत्तर द्यायला हवे असते.

मी हे मामांना सांगितले. ते ऐकून घेत होते, पण मन तिथे नव्हते.

"आमच्या पलटणीत एकाच नावाचं दोघं हुतं," ते एकदम म्हणाले. "नाव एक, आडनाव बी एक. एक आपल्या करवीर तालुक्यातला, दुसरा रत्नागिरीकडचा. म्हणून एकाला अठ्ठावीस म्हणायचो, एकाला एकसष्ट. नंबराचे शेवटचे आकडे."

दोघे एकाच संध्याकाळी पडले. पहाटे दोन चिता शेजारीशेजारी पेटल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी दोन गाडग्यांत अस्थी भरल्या, तोंडाला फडके बांधले, आणि कॉपिंग पेन्सिलीने एकावर अठ्ठावीस, दुसऱ्यावर एकसष्ट लिहिले. त्याच दिवशी पलटण नदी ओलांडून पुढे निघाली. काठाजवळ होडी कलली. मामा गळाभर पाण्यात. पेटी पाठीवर, रायफल गळ्यात, आणि दोन्ही हातांनी दोन गाडगी वर धरलेली. गाडगी वाचली. पण फडकी भिजली, आणि काठावर येऊन पाहतात तो आकड्यांच्या जागी नुसते जांभळे ओघळ.

"कुंभार एक, गाडगी सारखी," मामा म्हणाले. "मला कळंना कुठला कोण."

रात्रभर त्यांना झोप आली नाही. अंदाजाने पुन्हा आकडे लिहिले असते तरी कुणाला कळले नसते. दोनदा पेन्सील हातात घेतली. पहाटे उठून त्यांनी पंडितजींना सगळे सांगितले. पंडितजी रागावले नाहीत. पुष्कळ वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सच बोला, अच्छा किया." मग त्यांनी दोन्ही गाडग्यांतल्या अस्थी एका स्वच्छ धोतरावर एकत्र केल्या, मंत्र म्हटले, आणि सारख्या दोन भागांत वाटून पुन्हा भरल्या. "अब दोनों घर में दोनों बेटे जाएँगे," म्हणाले. आणि मामांना बजावले, घरी कुणी विचारले तर खरे सांग.

त्या काळी जवानाचा देह घरी येत नसे. तो रणांगणाजवळच अग्नीत जाई आणि घरी येत त्या अस्थी, कपडे, घड्याळ, एखादे पत्र. देह तिरंग्यात गुंडाळून गावापर्यंत येऊ लागला तो १९९९ च्या कारगिलपासून. आता आपल्याकडच्या खेड्यांत तसा एखादा देह येतो तेव्हा सारा तालुका लोटतो, बंदुकींची सलामी होते. १९७२ च्या संक्रांतीच्या सुमारास मामा रजेवर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर फक्त एक गाडगे होते, आणि ते एकटेच पायवाटेने करवीर तालुक्यातल्या त्या गावी गेले.

म्हाताऱ्या आईने गाडगे मांडीवर घेतले. कुणी रडले नाही. तिने एवढेच विचारले, "ह्यो माझाच हाय न्हवं?"

मामा रंकाळ्याकडे पाहत होते. काठावर कुणीतरी भुईनळा लावला आणि पाणी क्षणभर पिवळे झाले.

"काय सांगितलंत?"

"व्हय म्हणालो. लांडं बोललो. निम्मं खरं हुतं ते."

पंचगंगेच्या घाटावर विसर्जन झाले, तेव्हा मामाच बरोबर होते. त्यानंतर दर भाऊबीजेला ते त्या घरी जात. म्हातारीला चोळीचा खण नेत, ती त्यांना पोह्यांचा चिवडा बांधून देई. आणि दर वेळी परतताना मामांना वाटे, आज सांगायचे राहिले. अशी अकरा वर्षे गेली. बारूदाला, सुरुंगाला न भिलेला माणूस एका म्हातारीच्या ओसरीला भीत होता. १९८३ च्या दिवाळीत मात्र त्यांनी सांगून टाकले. होडी, जांभळे ओघळ, पंडितजींचे धोतर, सगळे.

"मला वाटलं, म्हातारी काठी घालंल. घालायलाच पायजे हुती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, 'आरं, मग त्या दुसऱ्या आईला कळवलंस का? तिच्या बी पोराला पंचगंगेचं पाणी मिळालंय म्हणून?'"

मामांनी कळवले नव्हते. ते त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. अकरा वर्षे ते आपल्या खोटेपणाचा हिशेब करीत होते, आणि त्या बाईने पहिली आठवण काढली ती दुसऱ्या आईची. त्याच रात्री त्यांनी रत्नागिरीकडे पत्र लिहिले. महिन्याने कार्ड आले. त्या जवानाच्या भावाने लिहिले होते: आई दोन वर्षांपूर्वी वारली. तिला कळते तर बरे वाटले असते. आमच्या दारात आता आम्ही दोघांच्या नावाने पाणी सोडू.

"ती दोन वर्षं माझ्या अंगावर हायेत," मामा म्हणाले. "पंडितजींनी खरं सांग म्हणून सांगितलं हुतं. सुरुंगातनं चालायला जमलं, एवढं एक वाक्य जमलं न्हाई."

मी काहीतरी समजुतीचे बोलणार होतो. पण मामांनी पाठ सरळ केली, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "चला, मामी वाट बघत असंल. उद्या अभ्यंगस्नान हाय. पहाटे उठायचं."

अटलांटिक महासागरात ३ फेब्रुवारी १९४३ रोजी 'डॉर्चेस्टर' नावाची अमेरिकन बोट बुडाली. बोटीवर ९०२ माणसे होती, त्यांतली सुमारे २३० वाचली. तिच्यावरच्या चार धर्मगुरूंनी, दोन प्रॉटेस्टंट, एक कॅथलिक आणि एक यहुदी, आपले तरंगपट्टे काढून चार शिपायांना दिले आणि बुडताना ते एकत्र प्रार्थना करीत उभे होते. ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. अमेरिकेत त्यांच्या नावाने टपालाचे तिकीट निघाले. परत येताना माझ्या मनात येत होते की गळाभर पाण्यात दोन गाडगी वर धरून उभ्या राहिलेल्या शिपायाचे तिकीट कुणी काढणार नाही. त्याची नोंद आहे ती शिवाजी पेठेतल्या एका ओट्यावर, वर्षातून एक संध्याकाळ, कणकेच्या दोन दिव्यांत.

घरी पोचलो तेव्हा पोरे किल्ल्यापाशीच होती. पन्हाळ्याच्या वरच्या टप्प्यावर एक नवे चित्र उभे होते. टोपलीत पंडितजी काही सापडले नव्हते, म्हणून नातवाने मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव ठेवला होता.

"आजोबा, हे तुमचे पंडितजी," तो म्हणाला.

मामांनी वाकून पाहिले. मग पायथ्याशी उभा असलेला एक मावळा उचलला आणि वासुदेवाच्या एक पाऊल पुढे, तोंड दरीकडे करून ठेवला.

"पंडितजी एकटं नसत्यात," ते म्हणाले.

आमच्या सौभाग्यवतींना मी रात्री सगळे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण या वर्षी आमच्या दादरच्या गॅलरीत धनत्रयोदशीला कणीक मळताना मी पाहिले, त्यांनी दोन दिव्यांची कणीक घेतली होती.